परक्या प्रोसेसरच्या बूटलोडरचे डेबियन पॅकेज कसे बांधावे

रावेर-यावल भागातील केळी हिरवी असतानाच कापली जाते, ट्रकमध्ये भरली जाते आणि उत्तरेतील बाजारपेठेत पोहोचल्यावर रायपनिंग चेंबरमध्ये पिकवली जाते. इथे माल भरणाऱ्याचे काम तो पिकवण्याचे नसते. कोणता माल कुठे जायचा आहे याची खूण चुकू न देणे आणि तो वाटेत खराब होऊ न देणे, एवढे त्याच्याकडे असते. आभासी मशीनसाठीच्या बूटलोडरचे पॅकेज बांधणाऱ्याची जबाबदारी नेमकी अशीच असते, आणि हे लक्षात न घेतल्यामुळे जळगावात माझ्याकडे शिकायला येणारे विद्यार्थी पहिल्याच पायरीवर अडखळतात. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे. बूटलोडर म्हणजे यंत्र सुरू होताना प्रथम चालून पुढची प्रणाली उचलणारा छोटा प्रोग्राम. उदाहरण म्हणून यू-बूट हा बूटलोडर, क्यूएमू हे आभासी मशीन चालवणारे साधन आणि डेबियन या लिनक्स वितरणाची पॅकेज-पद्धत घेतली आहे. ज्या खऱ्या संगणकावर क्यूएमू चालते तो यजमान, आणि त्याच्या आत चालणारे आभासी मशीन ते पाहुणे.

पहिला निर्णय कंट्रोल फाइलमधील, म्हणजे पॅकेजची माहिती देणाऱ्या फाइलमधील, ‘आर्किटेक्चर’ या रकान्याचा. एआरएम६४ या ६४-बिटच्या एआरएम प्रोसेसरसाठी बांधलेला यू-बूट पाहून बहुतेक जण तिथे ‘एआरएम६४’ लिहितात आणि मग प्रयोगशाळेतील इंटेलच्या संगणकावर ते पॅकेज बसतच नाही. हा रकाना पॅकेज ज्या यंत्रावर बसवायचे त्या यंत्राविषयी असतो. यजमान संगणकाच्या दृष्टीने बूटलोडरची फाइल म्हणजे निव्वळ डेटा आहे. यजमानाचा प्रोसेसर तिच्यातील एकही सूचना स्वतः चालवत नाही, क्यूएमू ती फाइल वाचून पाहुण्या मशीनच्या स्मृतीत ठेवतो. म्हणून इथे ‘ऑल’, म्हणजे कोणत्याही यंत्रावर बसणारे, असे लिहावे, सोबत ‘मल्टी-आर्च: फॉरेन’ (दुसऱ्या आर्किटेक्चरच्या पॅकेजचीही गरज हे पॅकेज भागवते अशी खूण) द्यावे, आणि पाहुण्या मशीनची ओळख फाइलच्या मार्गात ठेवावी. डेबियनचे यू-बूट-क्यूएमू हे पॅकेज असेच आहे: त्याच्या फायली ‘यूएसआर/लिब/यू-बूट’ या निर्देशिकेत प्रत्येक लक्ष्याच्या नावाच्या उपनिर्देशिकेत बसतात.

‘ऑल’ लिहिण्याचा आणखी एक लाभ सहसा कोणी सांगत नाही. पॅकेज ‘एनी’ (प्रत्येक आर्किटेक्चरसाठी वेगळे बांधायचे) ठेवले, तर पॅकेज बांधणीच्या डेबहेल्पर या संचातील डीएच-स्ट्रिप हे साधन यजमानाच्या स्ट्रिप आज्ञेने परक्या प्रोसेसरची ईएलएफ फाइल (लिनक्सवरील प्रोग्राम-फाइलचा नेहमीचा प्रकार) सोलायला, म्हणजे तिच्यातील जादा माहिती काढायला, जाते आणि तिचे स्वरूप ओळखता न आल्याने बांधणी तिथेच थांबू शकते. ‘ऑल’ पॅकेजवर ही पायरी चालतच नाही. आर्किटेक्चर-निरपेक्ष पॅकेजात बायनरी सापडल्याची तक्रार लिंटियन हे पॅकेज तपासणारे साधन मात्र करील. तिथे कारण नोंदवून ओव्हरराइड (ती तक्रार जाणूनबुजून बाजूला ठेवल्याची नोंद) द्यावा, तक्रार टाळण्यासाठी रकाना बदलू नये.

आता बांधणी. प्रत्येक लक्ष्यासाठी, म्हणजे पाहुण्या मशीनच्या प्रत्येक प्रकारासाठी, यू-बूटच्या स्रोतात तयार डेफकॉन्फिग (बांधणीच्या पर्यायांची फाइल) आहे: क्यूएमू_एआरएम६४, क्यूएमू_एआरएम, क्यूएमू-एक्स८६_६४, क्यूएमू-रिस्कव्ही६४, क्यूएमू-पीपीसीई५००. काही नावांत अधोरेषा आहे आणि काहींत जोडचिन्ह, त्यामुळे नावे हाताने टाइप न करता स्रोतातील ‘कॉन्फिग्ज’ निर्देशिकेतून उचलावीत. बिल्ड-डिपेंड्स या बांधणीला लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीत बायसन, फ्लेक्स आणि ओपनएसएसएलच्या हेडर फायली यांबरोबर प्रत्येक लक्ष्याचा क्रॉस-कंपायलर (दुसऱ्या प्रोसेसरसाठी संकलन करणारा) घालावा. बांधणीच्या पायऱ्या सांगणाऱ्या रूल्स फाइलमध्ये प्रत्येक लक्ष्याला स्वतंत्र आउटपुट निर्देशिका द्यावी, नाहीतर एका लक्ष्याच्या ऑब्जेक्ट फायली दुसऱ्यात मिसळतात. कंपायलरचा उपसर्ग, म्हणजे त्याच्या नावाआधी येणारे लक्ष्याचे नाव, नेहमी पूर्ण लिहावा. इंटेलवर काम करताना एक्स८६चा उपसर्ग गाळण्याचा मोह होतो, कारण तिथे तो न लिहिताही काम भागते. पण तेच पॅकेज धुळ्यातील एका सहकाऱ्याने आपल्या एआरएम६४ बोर्डावर बांधायला घेतले, तेव्हा एक्स८६चा भाग एआरएमच्या कंपायलरकडे गेला आणि बांधणी पहिल्याच मिनिटात कोसळली. तो उपसर्ग गाळणारा मीच होतो, आणि तेव्हापासून मी प्रत्येक पॅकेज निदान एकदा दुसऱ्या प्रकारच्या यंत्रावर बांधून पाहतो.

बांधणीतून निघणारी सगळीच फाइल सारखी नसते. एआरएमसाठी यू-बूट.बिन लागते, एक्स८६साठी यू-बूट.रॉम, आणि ई५०० पॉवरपीसीसाठी यू-बूट नावाची ईएलएफ फाइलच. रिस्क-व्ही या प्रोसेसर-प्रकारावर थोडे थांबावे लागते. तिथे सर्वांत वरच्या अधिकाराचा एम-मोड आणि त्याखालचा एस-मोड असे दोन स्तर महत्त्वाचे असून, नेहमीच्या मांडणीत एम-मोडमध्ये ओपनएसबीआय हे फर्मवेअर व एस-मोडमध्ये यू-बूट चालतो. साध्या क्यूएमू-रिस्कव्ही६४ कॉन्फिगमधून निघणारा यू-बूट स्वतःच एम-मोडमध्ये चालतो, म्हणून तो क्यूएमूला ‘बायोस’ या पर्यायाने द्यायचा. एसमोड कॉन्फिगमधून निघणारा मात्र ‘कर्नल’ या पर्यायाने द्यायचा, कारण ‘बायोस’ची जागा ओपनएसबीआयसाठी मोकळी राहिली पाहिजे. दोन्ही फायलींचे नाव यू-बूट.बिनच असल्याने त्या स्वतंत्र उपनिर्देशिकांत ठेवणे हाच त्यांची अदलाबदल टाळण्याचा मार्ग आहे. एसपीएल (मुख्य यू-बूटच्या आधी चालणारा छोटा टप्पा) प्रकार बांधल्यास ओपनएसबीआय तुमच्या फाइलच्या पोटातच जातो. अशा वेळी त्याची कोणती आवृत्ती आत गेली हे कंट्रोल फाइलमधील ‘बिल्ट-युझिंग’ वर्गातील रकान्यात नोंदवावे.

यू-बूट सुरू होताना पहिल्या ओळीत बांधणीची तारीख छापतो. ती पॅकेज बांधणाऱ्या डीपीकेजी-बिल्डपॅकेज आज्ञेने चेंजलॉग या बदलांच्या नोंदीवरून ठरवलेल्या ‘सोर्स-डेट-इपॉक’ या चलातून घेतली जाते, त्यामुळे ते चल रूल्समध्ये कुठेही पुसू नये. त्याच्यामुळेच आज भुसावळात आणि उद्या नंदुरबारला बांधलेल्या फायली एकसारख्या निघण्याची शक्यता राहते.

चाचणी हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण संकलित झालेला बूटलोडर चालतोच असे नाही. प्रत्येक लक्ष्य क्यूएमूमध्ये ‘नोग्राफिक’ पर्यायाने सुरू करावे, सिरियल कन्सोलवर यू-बूटचे नाव आणि त्याचा प्रॉम्प्ट दिसतो का ते पाहावे, आणि हीच तपासणी ऑटोपीकेजीटेस्ट या डेबियनच्या स्वयंचलित चाचणी-व्यवस्थेत लिहून ठेवावी. परक्या प्रोसेसरला केव्हीएमचा (यजमानाच्या प्रोसेसरवर सूचना थेट चालवणाऱ्या सोयीचा) वेग मिळत नाही, प्रत्येक सूचना सॉफ्टवेअरने अनुवादित होते; म्हणून वेळमर्यादा सैल ठेवावी. एआरएम६४ची चाचणी करताना ‘व्हर्ट’ या क्यूएमूच्या सर्वसाधारण आभासी मशीनबरोबर सीपीयू आवर्जून सांगावा, उदाहरणार्थ कॉर्टेक्स-ए५७. तो न सांगितल्यास क्यूएमू ३२-बिटचा कॉर्टेक्स-ए१५ धरतो आणि ६४-बिटचा यू-बूट एक अक्षरही न छापता गप्प राहतो. या गप्प पडद्यासमोर मी एक अख्खी संध्याकाळ कंपायलरमध्ये दोष शोधत घालवली आहे.

एआरएमच्या ‘व्हर्ट’ मशीनला ‘बायोस’ पर्यायाने लहान फाइलही चालते. पीफ्लॅशने, म्हणजे आभासी फ्लॅश चिप म्हणून, द्यायची असेल तर याच मशीनला ती नेमकी ६४ मेबीबाइटची हवी असते, आणि लहान फाइल ते सरळ नाकारते. ट्रंकेट आज्ञेने फाइल वाढवता येते, पण ही वाढवलेली फाइल पॅकेजात घालू नये. दाबलेल्या पॅकेजात शून्यांना जागा लागत नसली, तरी बसवल्यावर प्रत्येकाच्या डिस्कवर ती पूर्ण आकाराची दिसते. यू-बूटच्या सेव्हएन्व्ह आज्ञेने जपलेली मूल्ये दुसऱ्या पीफ्लॅशमध्ये राहतात, म्हणून तितक्याच आकाराची दुसरी फाइल प्रत्येक आभासी मशीनसाठी वेगळी लागते. पॅकेजच्या निर्देशिकेतील फायली अद्यतनाच्या वेळी बदलल्या जातात, त्यामुळे वापरकर्त्याची मूल्ये तिथे कधीही ठेवू नयेत. या दोन्ही फायली वापरकर्त्याने आपल्या घरच्या निर्देशिकेत कशा तयार करायच्या, त्या आज्ञा रीडमी.डेबियन या फाइलमध्ये प्रत्येक लक्ष्यासाठी पूर्ण लिहून द्याव्यात.