अळी मेली, फुगा फुगला नाही: या चुका टाळा

जैवविविधता शिकवायची म्हणून बरणीत अळी येते आणि शरीर शिकवायचं म्हणून बाटलीत फुगा. दोन्ही प्रयोग छान, पण बिघडतात हमखास, आणि कारणंही ठरलेली.

आधी अळी. लिंबावर किंवा कढीपत्त्यावर पक्ष्याच्या शिटेसारखं काही दिसलं तर झटकू नका. तिथल्या काही फुलपाखरांच्या कोवळ्या अळ्या अशाच दिसतात, पुढे हिरव्या होतात. घरी आणल्यावरची सगळ्यात मोठी चूक म्हणजे हाताशी असेल ती कोथिंबीर नाहीतर कोबी समोर टाकणं. रुईवरची अळी कढीपत्त्याला तोंड लावणार नाही, उपाशी मरेल. जिथे सापडली त्याच झाडाची ताजी पानं रोज द्या. बाजारातला कढीपत्ता नको, त्यावर फवारणी झालेली असू शकते. रुईची पानं मोठ्यांनीच तोडावीत, चीक डोळ्यांना घातक असतो.

दुसरी चूक घट्ट झाकणाची. आत ओल धरते, बुरशी येते. तोंडाला जाळीचं कापड बांधा, तळाचा कागद रोज बदला, एक काडी तिरकी ठेवा. अळीने खाणं सोडलं, पातळ शी केली आणि ती भटकू लागली की मुलं घाबरतात. बहुधा ती कोषाची तयारी असते, हलवाहलव नको. फुलपाखरू बाहेर आल्यावर पंख वाळेपर्यंत हात लावू देऊ नका.

आणि कोषातून फुलपाखराऐवजी माशी किंवा गांधीलमाशीची छोटी जातभाई निघाली तर? अशा माशांची पिल्लं अळीला आतून खाऊन वाढतात. मुलं हिरमुसतील. पण कोण कोणाच्या जिवावर जगतं हे तक्त्यापेक्षा इथे चांगलं कळतं, म्हणून फेकून देऊ नका.

आता बाटलीतला फुगा. स्ट्रॉला फुगा लावून केलेलं फुफ्फुसाचं मॉडेल बहुतेक वेळा स्ट्रॉपाशी हवा गळल्यामुळे फसतं. स्ट्रॉच काढून टाका. बाटलीचा तळ कापा, एक फुगा आत सोडून त्याचं तोंड बाटलीच्या तोंडावर चढवा, तळाला दुसरा फुगा ताणून बसवा. बाटली जाड घ्या, पातळ बाटली स्वतःच आत दबते. खालचा फुगा ओढल्यावर ‘आधी काय झालं?’ हे विचारा. हवा भरली म्हणून छाती मोठी झाली, असं बरीच मुलं सांगतात. घडतं उलट: श्वासपटल (छातीखालचा स्नायूंचा पडदा, इथे खालचा फुगा) खाली जातं, आतली जागा वाढते, मग हवा शिरते. फुफ्फुस फुग्यासारखं पोकळ नसून स्पंजासारखं असतं, हेही लगेच सांगून टाका.

नाडी अंगठ्याने बघू नका, अंगठ्याचे स्वतःचे ठोके मोजले जातात. उड्या मारल्यावर पूर्ण मिनिटभर मोजत बसलात तर तोवर ठोके उतरू लागतात. 15 सेकंद मोजून 4 ने गुणा.

मैदानात 1 मीटर बाजूची दोरीची चौकट टाकून झाडं मोजायला सांगितलं की मुलं नेमकी फुलं असतील तिथे चौकट ठेवतात. डोळे मिटून चप्पल फेकायला लावा, पडेल तिथे चौकट. नावं येत नसतील तर ‘गवत 1’, ‘गवत 2’ असं लिहिलं तरी चालतं.