झोपेसाठी ग्लायसिन कसे घ्यावे

फ्रिजमध्ये ठेवलेले मटणाचे अळणी पाणी सकाळी जेलीसारखे थिजलेले असते, हे कोल्हापूरच्या प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे. हाडे आणि कुर्च्यांतून उतरलेल्या कोलॅजन या प्रथिनामुळे ते थिजते, आणि कोलॅजनच्या साखळीतले जवळपास प्रत्येक तिसरे अमिनो आम्ल ग्लायसिन असते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी ब्राकोनो यांनी १८२० साली ग्लायसिन वेगळे केले तेही कोलॅजन शिजवून मिळणाऱ्या जिलेटिनपासूनच. तरीही झोप लागावी म्हणून रात्री दहाला वाटीभर पांढरा रस्सा पिऊ नये. खोबरे, काजू आणि खसखस घातलेला रस्सा झोपण्याआधी जड पडतो आणि त्यातून ग्लायसिन नेमके किती मिळाले हेही कळत नाही.

जपानमधील प्रयोगांत झोपण्यापूर्वी ३ ग्रॅम ग्लायसिन देण्यात आले होते. हे प्रयोग मोजक्याच लोकांवर झाले असल्याने फार मोठी आशा धरू नये, पण त्यामागचे कारण पटण्याजोगे आहे: हातापायांतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, उष्णता त्वचेवाटे बाहेर पडते आणि शरीराचे आतले तापमान किंचित उतरते, जे झोप लागताना एरवीही घडतच असते.

पूड घ्यावी, डब्यावर एफएसएसएआयचा (भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी परवाना क्रमांक आहे आणि घटकांत केवळ ग्लायसिनच लिहिले आहे, याची खात्री करावी. चमच्याचा अंदाज चुकतो, म्हणून छोट्या डिजिटल काट्यावर ३ ग्रॅम तोलावे. पेलाभर साध्या पाण्यात ही पांढरी पूड दोनदा ढवळताच विरघळते. ती मुळातच गोड असल्याने साखर घालण्याची गरज नसते. झोपण्याच्या साधारण तासभर आधी ते पाणी प्यावे. शिरोलीच्या फाउंड्रीत रात्रपाळी करून सकाळी घरी परतणाऱ्यांनीही घड्याळाकडे न पाहता आपल्या झोपेआधीचाच तास धरावा, आणि पाळी सुटताना टपरीवर घेतला जाणारा चहा मात्र कटाक्षाने टाळावा, कारण त्या एका कपाने सारे व्यर्थ जाऊ शकते.

पोटात मळमळले तर १ ग्रॅमपासून सुरुवात करावी. क्लोझापिन हे मानसिक आजारावरचे औषध घेणाऱ्यांनी, मूत्रपिंड वा यकृताचा आजार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते मुळीच घेऊ नये. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तरीही आधी विचारावे. दोन आठवड्यांत फरक जाणवला नाही तर डबा बाजूला ठेवावा. घोरताना मध्येच श्वास अडत असल्याचे घरच्यांनी सांगितले असेल, तर ग्लायसिनची वाट न पाहता थेट तपासणी करून घ्यावी.