तणनाशक चाललं नाही? दुसरा डबा घेण्याआधी या चुका टाळा

नोकरी मुंबईत आणि भातशेती मुरबाड, शहापूर नाहीतर माणगावला, अशी कितीतरी घरं आहेत. फवारणी गावचा भाऊ करतो, औषध ठरतं लोकलमधून फोनवर. मग व्हॉट्सॲपवर हिरव्यागार खाचराचा फोटो येतो, खाली एकच ओळ: "काय उपयोग झाला नाय." लगेच दुसरं, महागडं औषध.

पहिली चूक त्या फोटोतच आहे. लांबून काढलेल्या फोटोत वाचलेलं तण आणि मागाहून उगवलेलं तण सारखंच दिसतं. भावाला सांगा, दोन-चार रोपं मुळासकट उपट, चिखल धू आणि तळहातावर ठेवून फोटो काढ. खालची पानं करपलेली आणि बुडातून नवा फुटवा असेल, तर रोप फवाऱ्यातून वाचलंय. रोप कोवळं, पानं सगळी स्वच्छ, मुळाशी बियाचं टरफल अजून चिकटलेलं, तर ते फवारणीनंतर रुजलंय. औषधाने आपलं काम केलंय.

मातीतलं सगळं बी एका पावसात उगवत नाही. टाकळ्याचंच बघा. पावसाळ्यात दादरला जुडीने घेता ती भाजी गावच्या माळावर तण असते. बियाचं कवच इतकं कठीण, की पाणी आत शिरत नाही. थोडं बी यंदा रुजतं, बाकीचं पुढच्या वर्षांसाठी पडून राहतं. अमेरिकेत मिशिगनला विल्यम बील यांनी १८७९ मध्ये तणांचं बी बाटल्यांत भरून पुरलं होतं. २०२१ मध्ये उकरलेल्या बाटलीतलं काही बी तरीही रुजलं!

रोपं खरोखर वाचली असली, तरी प्रतिकारशक्तीचं नाव लगेच घेऊ नका. सगळ्याच जातींचं तण वाचलं असेल तर बहुधा मात्रा कमी पडली, तण फार वाढलं होतं किंवा फवारल्यावर लगेच पाऊस आला. बांधावर ग्लायफोसेट मारताना ओढ्याचं गढूळ पाणी घेतलं, तर औषध मातीच्या कणांना चिकटून निकामी होतं. केणा नावाच्या तणावर तर ते मुळातच कमी चालतं.

बाकी सगळं मेलं, एकच जात उभी आहे, तिच्यातही एक रोप वाळलेलं नि शेजारचं टवटवीत, आणि तो पट्टा दरवर्षी वाढतोय, तर मात्र संशय घ्या. तणाला औषधाची सवय लागते असं गावोगाव म्हणतात, ते खरं नाही. न मरणारी तुरळक रोपं आधीपासूनच असतात. औषध बाकीच्यांना मारून त्यांना रान मोकळं करून देतं. हरियाणात गव्हातल्या गुल्ली-दंडा तणावर वर्षानुवर्षं आयसोप्रोट्युरॉनच मारलं गेलं आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ते चालेनासं झालं.

इथे बहुतेक जण डबा बदलतात, औषध नाही. भातात बिसपायरिबॅक सोडियम सोडून पायराझोसल्फ्युरॉन घेतलं, तरी दोन्ही तणातल्या एकाच विकरावर (एन्झाइमवर) घाव घालतात. लावणीनंतर लगेच, तण उगवण्याआधी प्रेटिलाक्लोर वापरलं तर तो खरा बदल.

शिवाय वाचलेल्या रोपाचं बीही सुप्त राहतं. दोन वर्षं औषध बदलून पुन्हा जुन्यावर आलात, तर तेच बी डोकं वर काढतं. म्हणून अशी रोपं फुलोऱ्याआधी उपटा. उशीर होऊन बी धरलं असेल, तर ती शेणखताच्या खड्ड्यात अजिबात टाकू नका.

खात्री करायची असेल तर दोन-तीन रोपं बियासाठी राखा. ते बी आणि कधीच फवारा न बसलेल्या जागेतलं त्याच जातीचं बी वेगवेगळ्या कुंड्यांत पेरा, दोन-तीन पानांवर आलं की लेबलवरच्या मात्रेने दोन्हींवर फवारा. ताजं बी रुजलं नाही तर ते मेलं असं समजू नका. काही महिने कोरडं ठेवून पुन्हा पेरा. टाकळ्यासारखं कठीण बी आधी पॉलिश पेपरवर घासून घ्या. घासणं, रुजवणं बोरिवलीच्या गॅलरीत चालेल, फवारणी मात्र गावीच.