जुन्या कागदांतले आगर, वेळ, बेट: झाडांचे आणि किनाऱ्याचे शब्द कसे वाचावेत

कोकणातल्या जुन्या कागदात ‘आगर’ हा शब्द आला की उरण-पेणकडच्या माणसाला मिठाचे वाफे दिसतात आणि गुहागर-दापोलीकडच्या माणसाला माडा-पोफळींची शिंपणाची बाग. आपापल्या गावात दोघेही बरोबर असतात. कागद कुठला आणि कधीचा हे न बघता अर्थ लावला, की मात्र चूक होते. कधी ती फक्त गावाच्या इतिहासात राहते, तर कधी हद्दीच्या वादात जाऊन बसते. झाडांचे आणि किनाऱ्याचे शब्द यात सर्वांत फसवे, कारण ते रोजच्या वापरातले असतात आणि ओळखीच्या शब्दासाठी कोश उघडावा असे कोणालाच वाटत नाही.

शब्द उतरवून घेताना

कागद मोडीतला असेल तर शब्दाच्या अर्थाआधी त्याची हद्द ठरवावी लागते. मोडीत आधी शिरोरेषा ओढून तिच्याखाली सलग लिहीत जातात, दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद व्यवहारात पाळलेला नसतो आणि अनुस्वार तर सर्रास गळतो. त्यामुळे ‘कांदळ’ हा ‘कादळ’ असा भेटतो, आणि ‘वेळुचे’ यातला ‘वेळु’ वेगळा शब्द आहे की मागच्या शब्दाचे शेपूट, हे अक्षरांवरून कळत नाही. म्हणून एकटा शब्द टिपू नका. ती पूर्ण ओळ, आधीची एक आणि नंतरची एक, अशा तीन ओळी जशाच्या तशा उतरवा. शंकेच्या अक्षराखाली रेघ मारा, पण ते आजच्या शुद्धलेखनात बसवू नका. छापील बाळबोध (देवनागरी) प्रत वापरत असाल तर त्यातली शब्दांची तोड संपादकाने केलेली आहे हे ध्यानात ठेवा. अर्थ लागत नसेल तर आधी ती तोड बदलून पाहा.

त्याच पानावर कागदाचे ठिकाण, तारीख आणि कारकून कुठला असावा याचा अंदाज लिहा. देशावरून आलेला कारकून किनाऱ्यावरची गोष्ट घाटावरच्या शब्दात लिहितो. ‘भाट’ हा शब्द गोव्यात आणि तळकोकणात माडांच्या बागायतीचा आहे, ‘भाटकार’ म्हणजे अशा बागायतीचा मालक. घाटावर मात्र भाट म्हणजे वंशावळी गाणारा. दोन्ही अर्थ माहीत नसले तर ‘भाटास दिले’ या दोन शब्दांत जमिनीची जागा माणूस घेतो.

कोश कसा उघडावा

दोन कोश शेजारी ठेवले तर बरेचसे काम होते: मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, दुसरी आवृत्ती १८५७, आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, ज्याचे मुख्य खंड १९३२ पासून निघाले. दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल कोशांच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. यादवकाळातला मजकूर असेल तर तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश जोडीला घ्या.

येथे एक चूक फार होते. कोशात पहिला दिलेला अर्थ सर्वांत जुना, असे धरले जाते. तसे नसते. क्रम बहुधा वापराचा किंवा संपादकाच्या सोयीचा असतो, कालक्रमाचा नव्हे. त्यापेक्षा कंसातल्या खुणा वाचा. दाते-कर्व्यांत (को.), (गो.), (कु.) म्हणजे कोकण, गोवा, कुडाळ. तुमच्या कागदाच्या मुलखाची खूण ज्या अर्थापुढे असेल तो अर्थ आधी लावून पाहा, मग तो नोंदीत सातवा असला तरी. मोल्सवर्थमध्ये शब्दापुढचे अक्षर तो संस्कृतातून आला की फारसी-अरबीतून हे सांगते, आणि झाडांच्या नावांसाठी ही खूण मोलाची आहे.

आगर: शेजारच्या शब्दांवरून ओळख

कोशाने पर्याय दिले, की निवड शेजारच्या शब्दांवरून करायची. आगर मिठाचे असेल तर जवळपास वाफे, राशी, मण, खंडी असे शब्द येतात. बागेचे असेल तर माड, पोफळ, विहीर, रहाट, शिंपणे येते, आणि नारळ शेकड्याने किंवा हजाराने मोजलेले असतात. झाडांची संख्या दिली असेल तर प्रश्नच मिटला. माप दिसले म्हणून लगेच निर्णय करू नका. खंडी म्हणजे वीस मण, पण कोकणात आणि गोव्यात जमीनही खंडीने मोजत, म्हणजे तेवढे बी पेरण्याइतकी किंवा तेवढे पीक येण्याइतकी. ‘आगर दोन खंडी’ यावरून काहीच ठरत नाही, ‘मीठ दोन खंडी’ यावरून ठरते.

गोव्यातले ‘कुळागर’ मिठापासून पूर्ण दूर आहे. ओढ्याकाठची पोफळीची बाग, तिच्यात केळी, मिरी, माड. तिसरा अर्थ साठ्याचा: ‘गुणांचे आगर’. संतकाव्यात आगर दिसले की तेथे हाच अर्थ आधी घ्या, कोकण शोधू नका. एसटीच्या ‘आगारा’तला आगार म्हणजे घर, कोठार. तो शब्द जवळचा वाटला तरी जमिनीच्या कागदात त्याला ओढू नये.

वेळ आणि बेट

या दोन शब्दांत झाड आणि किनारा एकमेकांत इतके मिसळले आहेत की ते सावकाश पाहायला हवेत.

संस्कृत ‘वेला’ म्हणजे मर्यादा, समुद्राची भरती आणि किनारा, तसेच काळ. अमरकोशाच्या नानार्थवर्गात समुद्राच्या पाण्याचा चढउतार, काळ आणि मर्यादा हे तिन्ही अर्थ एकत्र दिले आहेत. प्रमाण मराठीने त्यातला काळ ठेवला. कोकणीत किनारा टिकला: गोव्यात आजही समुद्रकिनाऱ्याला ‘वेळ’ किंवा ‘दर्यावेळ’ म्हणतात. सौराष्ट्रातल्या वेरावळ बंदराचे नाव ‘वेलाकूल’, म्हणजे बंदर, या शब्दावरून आल्याचे मानतात. दुसरीकडे ‘वेणु’वरून आलेला ‘वेळू’ म्हणजे बांबू. शिवाय वेल आहेच, आणि कोकणातला ‘व्हाळ’ म्हणजे ओढा, जो घाईच्या लिखाणात वेगवेगळ्या रूपांत उतरतो.

म्हणून ‘वेळ’ने सुरू होणारे गावाचे किंवा शेताचे नाव आले तर असे तपासा:

१. नकाशावर जागेची समुद्रापासूनची आणि भरतीच्या पाण्यापासूनची दूरी पाहा. घाटमाथ्यावरच्या नावाला किनाऱ्याचा अर्थ लावता येत नाही, तेथे वेळू आणि वेल हेच दोन उमेदवार.

२. जागा किनाऱ्यावर असेल तर तेथे पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, आहे का ते पाहा. कातळाचा कडा थेट पाण्यात उतरत असेल तर किनाऱ्याचा अर्थ कमकुवत होतो.

३. प्रत्यक्ष जाणार असाल तर अमावास्येनंतर किंवा पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी, उधाणाच्या भरतीला जा, म्हणजे पाण्याची वरची हद्द दिसेल. मुंबई-कोकण किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की भरतीचा ढोबळ तास मिळतो: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अष्टमीच्या आसपास ‘भांग’ असतो, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी. त्या दिवशी पाहिलेली हद्द फसवते.

४. गावात विचारताना ‘वेळ म्हणजे काय?’ असे विचारू नका. उत्तर घड्याळाचे मिळेल. ‘पुळणीकडच्या भागाला काय म्हणता?’ असे विचारा, आणि मासेमारी करणाऱ्या व बागायत करणाऱ्या घरांत वेगवेगळे विचारा. दोन्ही घरांचे शब्द पुष्कळदा निराळे असतात.

‘बेट’ म्हणजे पाण्याने वेढलेली जमीन, हे शाळेत शिकतो. पण बांबूच्या दाट पुंजक्यालाही बेटच म्हणतात. ‘वेळूचे बेट’ हद्दीची खूण म्हणून आले तर तेथे होडीने जायचे नाही, बांध चढून जायचे आहे. तिसरा वापर नदीकाठचा. नदीच्या वळणाने तीन बाजूंनी वेढलेल्या जमिनीला घाटावर बेट म्हणतात, आणि कोपरगावचे बेट गोदावरीकाठी आहे, समुद्रात नाही. याउलट खाडीतल्या बेटाला कोकण-गोव्यात ‘जुवे’ हा स्वतःचा शब्द आहे. कागदात दोन्ही शब्द एकाच लेखकाने वापरले असतील तर त्याच्या लेखी ‘बेट’ म्हणजे बहुधा बांबू.

एक नाव, दोन झाडे

झाडांच्या नावांत धोका असा, की नाव राहते आणि झाड बदलते. आज किनाऱ्यावरचे ‘सुरू’चे बन म्हणजे कॅज्युरिना, हे बाहेरून आणून लावलेले झाड. पण शब्द फारसी ‘सर्व’ याचा आहे आणि त्याचा अर्थ सायप्रस. जुन्या बागेच्या वर्णनात किंवा काव्यात सरळसोट, सुंदर देहाची उपमा म्हणून सुरू आला तर तो सायप्रस, तेथे वाळू आणि समुद्रवारा कल्पू नये. ‘अशोक’ म्हणजे लालसर-केशरी फुलांचा सीतेचा अशोक, की रस्त्याकडेचा उंच, लांब पानांचा खोटा अशोक, हे फुलांच्या उल्लेखावरून कळते. फुलांचे कौतुक असेल तर खरा. ‘राई’ मसाल्याच्या यादीत मोहरी असते आणि जमिनीच्या यादीत झाडांची दाटी, जशी आमराई किंवा देवराई.

‘जंगल’ हा सर्वांत मोठा पालट. आयुर्वेदात ‘जांगल देश’ म्हणजे कोरडा, विरळ झाडांचा, कमी पाण्याचा मुलूख, आणि त्याच्या उलट ‘आनूप’ म्हणजे पाणथळ, दाट वाढीचा. चरकसंहितेतल्या जांगल प्राण्यांचे मांस घनदाट अरण्यातले समजणारी भाषांतरे अर्थ उलटा करतात. संस्कृत मजकूर असेल तर जांगल म्हणजे माळरान असे वाचून पाहा, वाक्य लगेच जुळते.

खाडीकाठच्या झाडांबाबत सरकारी भाषेने गोंधळ वाढवला. राज्याचा कांदळवन कक्ष २०१२ मध्ये झाला आणि ‘कांदळवन’ हा खारफुटीचा सरसकट शब्द बनला. किनाऱ्यावरच्या बोलीत कांदळ म्हणजे ऱ्हायझोफोरा, कमानीसारखी आधारमुळे सोडणारे झाड. तिवर म्हणजे एव्हिसेनिया, चिखलातून पेन्सिलीसारखी मुळे वर काढणारे. चिपी म्हणजे सोनेरेशिया, जिच्या पांढऱ्या जातीला २०२० मध्ये राज्य कांदळवृक्षाचा मान मिळाला. जुन्या कागदात ‘तिवर तोडणे’ आणि ‘कांदळ तोडणे’ वेगळे लिहिले असेल तर ती दोन झाडे आहेत. त्यांचे एकच ‘कांदळवन’ करून टाकले की माहिती कायमची हरवते.

तारीख नसलेल्या कागदाला झाडे मदतही करतात. काजू पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात आला. ज्या यादीत काजू आहे ती त्याआधीची असणे शक्य नाही, मग वर कोणाचेही नाव घातलेले असो.

खाजण

हा शब्द वाचताना सर्वांत जास्त सावध राहा, कारण त्यावर आजही वाद उभे राहतात. खाजण म्हणजे भरतीचे पाणी येणारी खारी, चिखलाची जमीन, आणि तीच जमीन बांध घालून भातशेतीत आणली तरी ती खाजणच. गोव्यातली खाजणे यांतल्या दुसऱ्या, बांध घातलेल्या प्रकारची: मातीचा बांध, त्यात ‘मानस’, म्हणजे भरतीला आपोआप मिटणारे आणि ओहोटीला उघडणारे लाकडी दार, आणि आत कोरगूटसारखे खारे पाणी सोसणारे भात. रायगड-रत्नागिरीकडे अशा दाराला ‘उघाडी’ म्हणतात.

कागदात बांध, उघाडी, मानस, भात किंवा सारा यांपैकी काही असेल तर ती शेती. काहीच नसेल आणि फक्त ‘खाजण’ किंवा ‘खार’ असेल तर तूर्त चिखलपट्टी धरा. मग सातबाऱ्यातला नमुना बारा, म्हणजे पिकांची नोंद, जितकी मागची मिळेल तितकी काढा. मधली काही वर्षे पीक आणि मग पड असे दिसले तर बांध फुटला असण्याची शक्यता तपासा, कारण खारे पाणी आत आले की भात जाते. ‘शिलोत्री’ हा शब्द आला तर तो बांध राखण्याच्या जबाबदारीशी जोडलेला ठाणे-कुलाब्याकडचा (कुलाबा म्हणजे आजचा रायगड जिल्हा) जमीन धारण करण्याचा प्रकार आहे, म्हणजे जमीन नक्की बांधलेली होती. १९४८ च्या मुंबई खारजमीन कायद्यानंतरच्या आणि १९७९ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानंतरच्या कागदांत ‘खारभूमी’ येते. ती सरकारी व्याख्येतली जमीन आहे, तिचा अर्थ मागे नेऊन पेशवाईतल्या खाजणाला लावू नका.

सरावाला मुंबईतली तीन नावे

उमरखाडी, चिंचबंदर, भेंडी बाजार ही जवळजवळची नावे सरावाला घ्या. उमरखाडीत उंबर आहे आणि खाडी आहे, पण आज तेथे खाडी नाही. शेजारच्या पायधुणीचे नाव मात्र तेथे पाणी येत असे या माहितीशी जुळते, म्हणून शेजारचे नाव हाही पुरावा म्हणून टिपा. चिंचबंदरातले ‘बंदर’ फारसी, आणि मुंबईत ते मोठ्या बंदराइतकेच माल उतरवण्याच्या लहान धक्क्यालाही लागते. भेंडी बाजारासाठी इंग्रजी ‘बिहाइंड द बाजार’ ही कहाणी प्रसिद्ध आहे. पण शहराच्या १९०९–१० च्या गॅझेटियरने नाव भेंडीच्या झाडांशी जोडले आहे, आणि हे झाड, थेस्पेसिया पॉप्युल्निया, किनाऱ्यालगत चांगले वाढते. भाजीच्या भेंडीशी त्याचा संबंध फक्त नावाचा.

प्रत्येक शब्दाची नोंद एका कार्डावर ठेवा: मूळ ओळ, ठिकाण, वर्ष, कोशातले अर्थ, निवडलेला अर्थ आणि निवडीचे कारण. शेवटी ‘खात्रीचा’, ‘संभाव्य’ किंवा ‘लोकसमजूत’ यांपैकी एक शिक्का मारा. दोन स्वतंत्र पुरावे, म्हणजे शेजारचा शब्द आणि जमीन, किंवा कोश आणि दुसरा समकालीन कागद, जुळल्याशिवाय ‘खात्रीचा’ लिहू नका. नाकारलेले अर्थही कार्डावरून खोडू नका, कारण त्याच गावचा दुसरा कागद सापडला की आधी त्यांचीच गरज लागते.