आर्ट जर्नल आणि गोव्याची दमट हवा: या चुका टाळा

जुनं पुस्तक घ्यायचं, पानांवर पांढरा जेसो, म्हणजे रंग धरावा म्हणून लावायचा अस्तराचा लेप, फिरवायचा, वर रंग, कात्रणं, तिकिटं, रेखाटनं चढवत जायची आणि छापील पुस्तकाची स्वतःची चित्रवही करायची. हा छंद अनेकजण व्हिडिओ पाहूनच शिकतात, आणि त्यातले बरेच व्हिडिओ कोरड्या हवेच्या गावांत केलेले असतात. तिथे पाव तासात वाळणारं पान आपल्याकडे जुलैत दिवसभर ओलं राहतं. बिघडलेल्या चित्रवह्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. बहुतेकींचं कारण एकच: पान पुरतं वाळायच्या आत चढवलेला पुढचा थर.

पुस्तक निवडताना

गुळगुळीत, चकचकीत कागदावर जेसो नीट धरत नाही. नुसत्या गोंदाने कणा चिकटवलेलं पुस्तक जाड थर चढले की मधोमध उकलतं. म्हणून पुस्तक मिटून कण्याच्या वरच्या टोकाकडे पाहा. पानांच्या छोट्या घड्या वेगवेगळ्या दिसल्या आणि घडीच्या मधोमध दोरा सापडला, तर ते शिवलेलं आहे, तेच घ्या. काही पानं कमी करावीच लागतात, नाहीतर वही फुगते आणि मिटत नाही. साधारण दर तिसरं-चौथं पान काढा, पण मुळापासून उपटू नका. शिवलेल्या पुस्तकात प्रत्येक पानाचा जोडीदार घडीच्या दुसऱ्या बाजूला असतो. एक उपटलं की दुसरंही सुटतं. कण्याजवळ बोटभर पट्टी ठेवून कापा. त्या पट्टीवर पुढे पाकीट किंवा दुमडतं पान चिकटवता येतं.

कुठलं पुस्तक कापायचं नाही, हेही सांगायला हवं. आपल्याकडच्या जुन्या घरांत माळ्यावरच्या पेटीत पोर्तुगीज काळातले दस्तऐवज, मोडीतले हिशेब, कुणीतरी हाताने उतरवलेल्या आरत्यांची वही सापडू शकते. पिवळा कागद आणि वळणदार अक्षर पार्श्वभूमीला फार सुंदर दिसतं, म्हणून कात्री चालवायचा मोह होतो. कृपा करून चालवू नका. तसा कागद जगात एकच असतो. त्याची झेरॉक्स काढून ती चिकटवा. कापायला रद्दीवाल्याकडे कालबाह्य गाईड आणि नियमावल्या हव्या तेवढ्या मिळतात.

ओलावा

पान वाळलं का, हे बोट लावून कळत नाही. वरचा पापुद्रा आधी सुकतो, आत ओल राहते. हाताची मागची बाजू पानावर टेकवा. गार लागलं तर पान अजून ओलं आहे. पावसाळ्यात पान उभं उघडं ठेवून पंख्याखाली रात्रभर राहू द्या. हेअर ड्रायर जलरंगाला चालतो, पण ओल्या फेविकॉलवर मारला की कागदाखाली फुगे धरतात.

पान वेडंवाकडं होतं त्याचं कारणही पाणीच. कागद एका बाजूने भिजला की तंतू फुगतात आणि पान वळतं. उपाय दोन. जेसो पातळ थरांत लावा आणि एक बाजू वाळल्यावर दुसऱ्या बाजूलाही लावा, म्हणजे ताण सारखा होतो. दुसरं, दोन-तीन पानं आधी एकमेकांना चिकटवून जाड करा. त्यासाठी ग्लू स्टिक बरी, कारण फेविकॉलमध्ये पाणी असतं. जुन्या एटीएम कार्डाने मधून कडेकडे दाबत हवा काढा, दोन्हीकडून बटर पेपर लावा आणि वजनाखाली ठेवा.

घरी केलेली मैद्याची खळ मात्र गोव्यात टाळाच. पिष्ट हे बुरशीचं आणि कसरीचं खाद्य आहे. पुस्तक बांधणारे खळीत मोरचूद घालत, पण ते विषारी आहे. मुलं ज्या वहीला हात लावणार तिथे नको. बुरशी दिसलीच तर ओल्या फडक्याने पुसू नका, ती पसरते. वही आधी सुकवा, मग तोंडाला मास्क लावून अंगणात मऊ ब्रशने झाडा. नंतर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. भिंतीला टेकलेलं फडताळ पावसाळ्यात सगळ्यात वाईट जागा.

मिटलेल्या वहीत समोरासमोरची पानं एकमेकांना धरतात, ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकते. ॲक्रिलिक रंग म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिकच. उष्ण, दमट हवेत ते मऊ पडतं आणि दाबाखाली चिकटतं. पानं ओढू नका, रंगासकट कागद निघेल. वही प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तासभर फ्रीजमध्ये ठेवा. गारव्याने रंग कडक होतो, मग बोथट सुरी हळूहळू आत सरकवा. पुढच्या वेळी पूर्ण झालेल्या पानावर मेणाचा अगदी पातळ हात फिरवून सुती कापडाने घासा. मेण शेवटीच, कारण त्यावर पुन्हा रंग बसत नाही.

क्रम आणि चिकटवायच्या वस्तू

ऑइल पेस्टलवर ॲक्रिलिक टिकत नाही, उलट क्रम चालतो. फाउंटन पेनच्या बहुतेक शाया पाण्याने पसरतात, पिगमेंट शाईचं पेन घ्या. इंकजेटचा फोटो ओल्या गोंदाने विरघळतो. झेरॉक्स किंवा लेझर प्रिंट टिकते. वर्तमानपत्राचं कात्रण पिवळं पडणारच, तो रंग आवडत असेल तरच मूळ लावा. बसमध्ये यंत्रातून निघणारं तिकीट उष्णतेने छापलेलं असतं. ते काही महिन्यांत कोरं होतं आणि तापलं तर काळं पडतं, म्हणून त्याचीही झेरॉक्सच.

गणेश चवथीनंतर माटोळीतली, म्हणजे गणपतीच्या वर बांधलेल्या सजावटीतली, फळं, पानं जर्नलमध्ये जपून ठेवावीशी वाटतात. भावना खरी आहे, पण ती ओली वस्तू आजूबाजूच्या पानांनाही बुरशी लावते. अबोलीची पाकळी आणि पातळ पान टीपकागदात दाबून, पुरतं सुकवून चालेल. फळं मात्र समोर ठेवून काढा, रंगवा.

एक चूक साहित्याची नाही, पण मला ती सलते. तयार स्टिकर, परदेशी घड्याळं, आयफेल टॉवर यांनी पानं भरतात आणि दारातला चिरा कुठेच येत नाही. गोव्याचे व्यंगचित्रकार मारियो मिरांडा तरुणपणी चित्रांची रोजनिशी ठेवत. त्यात त्यांच्या लोटली गावची माणसं, घरं, गावातले प्रसंग होते. आपल्या वाड्यावर तेवढं सगळं आजही आहे.

तांबड्या मातीपासूनच सुरुवात करा. नुसती माती पाण्यात कालवून लावली तर वाळल्यावर भुकटी होऊन झडते. माती पाण्यात ढवळा, खडे तळाशी बसू द्या, वरचं गढूळ पाणी कापडातून गाळून निवळू द्या. खाली उरलेला बारीक गाळ बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात घोटा. गोव्यातल्या काही जुन्या देवळांच्या भिंतींवर कावी कला आहे: चुन्याच्या गिलाव्यावर तांबडा थर आणि तो खरवडून उघडी केलेली पांढरी नक्षी. हेच पानावर करता येतं. जेसोचे दोन थर पूर्ण वाळू द्या, वर तांबडा रंग लावा आणि तो ओला असतानाच बांबूच्या काडीने रेघ ओढा. रंग पुरता वाळल्यावर खिळ्याने ओरखडलं तर जेसोसकट कागद फाटतो.