देव परत आणायचा तर आधी त्याचं वर्णन लिहून ठेवा

गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यातल्या देवराईतून एक वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मारकदगड, चोरीला गेला. तक्रार द्यायला आम्ही चार गावकर गेलो आणि "फोटो आहे?" या पहिल्याच प्रश्नाला गप्प झालो. पिढ्यानपिढ्या ज्याच्यापुढे नारळ ठेवला, त्याची उंची कुणाला सांगता येईना. तो अजून मिळालेला नाही.

लिहिलेल्या एका ओळीची किंमत जुन्या गोव्यात कळते. जॉर्जियाची राणी केटेवन 1624 मध्ये शिराझला मारली गेली. तिच्या अस्थी ऑगस्टिनियन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंनी गोव्यात आणल्या आणि कुठल्या दालनात, कितव्या खिडकीत ठेवल्या तेही लिहून ठेवलं. त्या नोंदीवरून पुरातत्त्व खात्याने सेंट ऑगस्टीन चर्चच्या पडक्या अवशेषांत शोध घेतला, हैदराबादेत डीएनए तपासला गेला आणि 2021 मध्ये अस्थींचा एक भाग जॉर्जियाला पोचला.

तेव्हा कामाला लागा. भटजींना सांगून अभिषेकानंतर, फुलं-वस्त्रं चढवायच्या आधी फोटो काढा. समोरून, दोन्ही बाजूंनी, जमल्यास मागून. शेजारी मोजपट्टी उभी धरून. उंची, रुंदी, जाडी सेंटिमीटरमध्ये लिहा. मग जवळ जाऊन वैगुण्य शोधा, कारण खरी ओळख तिथेच असते. आमच्या गजलक्ष्मीच्या उजव्या हत्तीची सोंड टोकाशी तुटली आहे आणि पाटाखाली बोटभर चीर आहे. सुबक कमळ दुसऱ्या मूर्तीतही सापडेल, ही चीर सापडणार नाही. तेलाचा थर खरवडू नका, ॲसिडने तर मुळीच धुऊ नका.

मूर्ती कुठल्या झाडाखाली, कुठल्या दिशेला तोंड करून आहे, तारीख काय, हे लिहून जुन्या गावकरांच्या सह्या घ्या. एक प्रत देवस्थानच्या पेटीत, दुसरी गावाबाहेर. शंभर वर्षांवरच्या मूर्तींना 1972 चा पुरावस्तू कायदा लागू होतो. त्या कायद्याखालच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंदणीचं विचारा.

हे एवढं का, तर 1970 च्या युनेस्को करारानुसार चोरीची वस्तू मागताना ती संग्रहालयाच्या किंवा देवळाच्या यादीत नोंदलेली असावी लागते आणि पुरावा मागणाऱ्या देशाने स्वखर्चाने द्यायचा असतो. तमिळनाडूतल्या श्रीपुरंथन गावच्या देवळातून चोरीला गेलेला नटराज 2014 मध्ये ऑस्ट्रेलियातून परत आला, तेव्हा पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेतले जुने फोटो कामी आले.

चोरी झालीच, तर त्याच दिवशी एफआयआर नोंदवा. वर्णन आणि फोटो तक्रारीला जोडा, पोच घ्या, आणि एक संच पुरातत्त्व खात्याला द्या.