नवे सिलिंडर, पहिले ५० तास: लायकमिंग आयओ-३६०

सेस्ना १७२ एसच्या १८० हॉर्सपॉवर इंजिनाला नवे सिलिंडर चढवले, की पॉवर देताना हात आखडता घ्यायचा नाही. होनिंगच्या (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर मुद्दाम पाडलेल्या बारीक) चरांची टोकं पिस्टनवरच्या रिंगांनी घासली गेली पाहिजेत, आणि रिंग भिंतीवर दाबते ती मुख्यतः ज्वलनाच्या दाबामुळे. कमी पॉवरवर हा दाब पुरत नाही. तेलाचा थर तुटत नाही, उलट करपून भिंतीवर गुळगुळीत चढतो. हे ग्लेझिंग. एकदा झालं की सिलिंडर उतरवून पुन्हा होन करण्यावाचून इलाज नाही.

तेल साधं मिनरल (बिनमिश्रणाचं) भरा, अ‍ॅशलेस डिस्पर्संट (मळ तेलात तरंगत ठेवणारं द्रव्य मिसळलेलं) नको. (टर्बोचार्ज्ड इंजिनांना मात्र पहिल्यापासून डिस्पर्संटच.) मिक्स्चर (इंधन-हवा मिश्रणाचा दांडा) आणि मॅग्नेटो (ठिणगी देणारं यंत्र) बंद ठेवून प्रत्येक सिलिंडरचा एक प्लग काढा आणि स्टार्टरने थोडं थोडं फिरवा, ऑइल प्रेशर किमान २० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दिसल्याशिवाय प्लग लावू नका.

काउलिंग (इंजिनावरचं आवरण) काढून जमिनीवर इंजिन तापवत बसणं ही सगळ्यांत महागडी सवय. बॅफलमधून (हवा सिलिंडरांकडे वळवणाऱ्या पत्र्यांमधून) हवा जात नाही, सिलिंडर होरपळतात. जमिनीवर गरजेपुरतंच चालवा. उड्डाणात पहिला तास ७५ टक्के पॉवर, दुसऱ्या तासात ६५ ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान बदलत राहा. मिक्स्चर रिच (इंधन जास्त), उंची कमी. फार वर गेलात तर ७५ टक्के पॉवर मिळतच नाही. थ्रॉटल पूर्ण बंद करून उतरणं टाळा. पहिले काही तास सर्किट-लँडिंगच्या सरावाला हे विमान देऊच नये.

रिंगा बसल्या की सीएचटी (सिलिंडर हेडचं तापमान) थोडं खाली येतं आणि तेलाचा खप स्थिरावतो. खप डिपस्टिकच्या एकाच खुणेपासून मोजा. कमाल मर्यादा ०.००६ × १८० (हॉर्सपॉवर) × ४ ÷ ७.४, म्हणजे तासाला साधारण ०.५८ क्वार्ट (अर्ध्या लिटरहून थोडं जास्त). खप स्थिरावला की, किंवा ५० तासांनी, डिस्पर्संट भरा. तेल बदलताना फिल्टर कापून त्याच्या कागदाच्या घड्यांत धातूचे कण पाहायचेच.

मग कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडर हवा किती धरून ठेवतो ते पाहणं): गरम इंजिन, ८० पीएसआय हवा. प्रॉपेलर धरायला दुसरा माणूस हवाच. हवेच्या दाबाने प्रॉपेलर झटक्यात फिरतो. ८० पैकी टिकलेल्या दाबाचा आकडा ६० च्या खाली गेला तर कान लावा. एक्झॉस्टमध्ये फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, इनटेकला आली तर इनटेक व्हॉल्व्ह, ऑइल फिलरमधून आली तर रिंगा. पण लगेच सिलिंडर उतरवू नका. रिंगांच्या फटी एका रेषेत आल्या तरी आकडा पडतो. एक उड्डाण करून पुन्हा मोजा.